बाबांवर अभिमान

मनोहर आगटे यांना कोलकात्यातल्या आमच्या डमडमच्या इमारतीतली पोरं 'हेल्मेट काकू' म्हणतात. बंगालीत काकू म्हणजे काका. हे आता त्यांनाही ठाऊक आहे, पण इथे राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे रीतसर तक्रार केली होती, की एवढ्या मिशा असूनही ही कार्टी मला बाई समजतात. सेक्रेटरी भला माणूस. तो म्हणाला, "मग जेठू, म्हणजे थोरले काका, म्हणायला सांगू? पण तेवढे म्हातारे तुम्ही दिसत नाही." मनोहरराव तणतणत घरी आले आणि त्यांनी ठरवून टाकलं, की या शहरात माणसाने आपली भाषा दारं लावून सांभाळली पाहिजे.

हेल्मेटचं कारण वेगळं. जिन्यातलं प्लास्टर अधूनमधून पडतं, म्हणून ते घरातून निघताना हेल्मेट घालतात आणि रस्त्यावर पोचले की काढतात. स्कूटर त्यांच्याकडे नाही. ते हावड्याच्या एका सरकारी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. नदीखालून जाणाऱ्या मेट्रोवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते फेरीबोटीने जातात. आणि फेरीवरही विश्वास नाही, म्हणून बॅगेत स्वतःचं लाइफ जॅकेट असतं. एकदा ते घालून बसले तर शेजारच्या माणसाने त्यांना फेरीवरचा कर्मचारी समजून तिकीट दाखवलं. त्यांनी ते तपासून परत दिलं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. नाव देवयानी, नोकरी बँकेत, शाखा एस्प्लनेडला. सांगलीहून बदली होऊन आले. नवरा तिकडेच आहे आणि सुखात आहे. मनोहररावांचा विचार केला की मला राग येतो आणि हसूही येतं, दोन्ही एकदम, आणि आज ते लपवायची माझी इच्छा नाही.

त्यांच्या घरी गेलात तर आधी उंबरठ्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्या दिसतील. मग वाळूची लाल बादली. गॅलरीत तुळशीशेजारी पाटी: 'आपत्कालीन जमण्याची जागा'. घरात माणसं तीन, आणि गॅलरीत जमायला दोघांपुरतीच जागा. मी हे एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, जोखीम शून्य करता येत नसते, कमी करता येते." त्यांच्या पत्नी श्यामलावहिनी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं. वहिनी फार बोलत नाहीत. बोलायची वेळ आली की ओट्यावर भांडं जरा जोरात ठेवतात.

कारखान्यात मात्र मनोहररावांना मान होता आणि त्याचं एक कारण मला पटतं. तिथे 'नियर मिस' म्हणून एक प्रकार असतो. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तर तो नियर मिस. असं काही आपल्या हातून घडलं हे जो स्वतः येऊन सांगेल त्याला ओरडायचं नाही, आधी चहा पाजायचा आणि मग ऐकून घ्यायचं, असा नियम मनोहररावांनी घातला होता. कामगार तेवढ्यासाठी त्यांच्यावर जीव टाकत. हा नियम त्यांनी घरी आणायला हवा होता. घरी त्यांनी आणली ती पाटी.

ती पाटी दिवाणखान्यात टांगलेली होती. कारखान्याच्या फाटकावर 'अपघाताविना दिवस' अशी असते ना, तशीच. फक्त इथे लिहिलं होतं, 'परभाषेच्या अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूने आकडा. घरात कुणी हिंदी, बंगाली किंवा टाळता येण्याजोगा इंग्रजी शब्द वापरला की आकडा पुसून शून्य. तुम्ही म्हणाल, सेफ्टी ऑफिसर हा तरी मराठी शब्द आहे का? मीही म्हणाले होते. ते म्हणाले, "तो हुद्दा आहे."

आकडा शून्यावर यायचा तो बहुतेक वेळा ऋतामुळे. ऋता त्यांची एकुलती मुलगी. ती जेमतेम बोलायला शिकली तेव्हा हे लोक इथे आले, त्यामुळे शाळा, मैत्रिणी, भांडणं, रडणं सगळं तिने बंगालीत केलं होतं. मराठी तिला घरापुरती यायची. लहानपणी ती पंख्याला पाखा म्हणाली की आकडा शून्य, बटाट्याला आलू म्हणाली की शून्य. पोर हुशार होती. तिच्या लवकरच लक्षात आलं, की बाबांना संस्कृत वळणाचा शब्द दिला की ते खूश होतात, मग तो कुठून का आलेला असेना. तिने बंगालीतले असे जड शब्द उचलून त्यांना मराठी प्रत्यय लावायला सुरुवात केली. आकडा वाढत गेला. मनोहरराव आल्यागेल्याला सांगू लागले, की आमची ऋता कोलकात्यात वाढून पुण्यातल्या मुलींपेक्षा शुद्ध बोलते.

यंदा ती इथल्या विद्यापीठात मानसशास्त्रात एमए करत होती, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता, चीनमधल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार कशामुळे येतात. चीनच का, असं मी विचारलं तर तिने सांगितलेलं कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. तिला खरं तर इथल्याच मुलांना विचारायचं होतं. पण समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, आपल्या मुलांना असले प्रश्न विचारले तर नसते विचार त्यांच्या डोक्यात भरतील. चिनी मुलांना आधीच कुणीतरी विचारून ठेवलं आहे, ती माहिती इंटरनेटवर फुकट मिळते, तेव्हा तीच वापरावी. जे काही भरायचं ते त्यांच्या डोक्यात भरून झालेलं होतं.

मनोहररावांना हा विषय विलक्षण आवडला. जोखमीचे घटक! हे तर त्यांचंच क्षेत्र. त्यांनी ऋताकडून सगळे घटक समजून घेतले. एकटेपणा, झोप न लागणं, आईवडिलांच्या अपेक्षांचं ओझं, आपण कमी पडतोय असं सतत वाटणं, मनातलं बोलायला माणूस नसणं, आणि हे कधी बदलणारच नाही अशी खात्री. मग त्यांनी रंगीत तक्ता बनवला आणि लाल, पिवळ्या, हिरव्या चौकोनांत चिनी मुलांना बसवलं. श्यामलावहिनी म्हणाल्या, "ऋता नीट जेवत नाही हल्ली. झोपतही नाही." मनोहरराव तक्त्यातून डोकं न काढता म्हणाले, "जेवण हा घटक यादीत नाही." ओट्यावर भांडं वाजलं.

त्यांनी आणखी एक केलं. ज्या विद्यापीठाची माहिती ऋता वापरत होती त्यांना इंग्रजीत लांबलचक ईमेल लिहिला. त्यात वसतिगृहासाठी सुरक्षा उपाय सुचवले होते: कुणालाही एकटं जेवू देऊ नये, प्रत्येक मजल्यावर एक ऐकणारा माणूस नेमावा, जो बोलायला येईल त्याला आधी चहा द्यावा. मला विचाराल तर पत्र उत्तम होतं. तत्काळ चिनी भाषेत दोन ओळींचं उत्तर आलं. मनोहररावांनी ते छापून, लॅमिनेट करून दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं. "परदेशात दखल घेतात," ते म्हणाले.

मी त्यावर फोन धरून बघितलं. हल्ली फोन कुठलीही भाषा वाचून दाखवतो. लिहिलं होतं, की हा पत्ता आता वापरात नाही, इथे आलेली पत्रं कुणी वाचत नाही. मी हळूच ऋताला ते दाखवलं.

"माहितीये मला, मावशी," ती म्हणाली. "सांगू नका. खूश आहेत ते." मग त्या कागदाकडे बघत म्हणाली, "मी खूप क्लांत आहे."

मनोहररावांनी ते आतून ऐकलं आणि बाहेर धावत आले. "क्लांत! वा! हा शब्द मी शाळेनंतर आज ऐकतोय." त्यांनी पाटीच्या खालच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं, 'आठवड्याचा शब्द: क्लांत'. मुलगी दमले म्हणत होती. बंगालीत हा रोजचा शब्द आहे, बाजारातून आलेली बाईसुद्धा वापरते. आणि तो आठवडाभर त्या भिंतीवर राहिला, येणारेजाणारे त्याचं कौतुक करत राहिले.

अशा शब्दांनी मलाही फसवलं आहे, ते सांगते, कारण पुढे लागणार आहे. बँकेत नवीन असताना एक आजोबा पासबुक छापायला आले. मशीन बंद होतं. ते गोड आवाजात म्हणाले, "एकटू चेष्टा कोरुन ना, दीदी." मी भडकले. म्हटलं, मी कशाला तुमची चेष्टा करू, मशीन खरंच बंद आहे! अख्खी शाखा बघायला लागली. मग शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी समजावलं, की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. जरा प्रयत्न करून बघा, एवढंच ते म्हणत होते. आता मी दिवसाकाठी किती वेळा चेष्टा करते याला गणती नाही.

तर, गणेशोत्सव आला. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी एका रविवारी आरती आणि महाप्रसाद यांच्या मध्ये एखादं व्याख्यान असतं. लोक भुकेले असतात, त्यामुळे व्याख्यान छोटं होतं आणि टाळ्या भरपूर पडतात. या वर्षी मनोहररावांनी ऋताचं नाव सुचवलं. कार्यवाह शोभाताईंनी विषय ऐकला, जरा बिचकल्या, आणि फलक लिहिताना त्यांनी आपल्या परीने तो सौम्य केला. हॉलमध्ये शिरल्यावर समोरच दिसलं: 'चिनी तरुणांतील आत्महत्येचे विचार: एक रंजक आढावा'. खाली लिहिलं होतं, 'त्यानंतर उकडीचे मोदक स्पर्धेचा निकाल'.

मनोहरराव सकाळपासून तिथे होते. गॅसच्या टाक्या तपासून झाल्या, वायरी तपासून झाल्या. जिन्यात लोकांनी काढलेल्या चपलांचा ढीग बघून ते हबकले. आग लागली तर लोक चपलांना अडखळून पडतील! त्यांनी सगळ्या चपला, बूट, सँडल गोळा करून तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत भरले आणि पोती मागच्या गच्चीत नेऊन ठेवली. कुणाला सांगितलं नाही, कारण आत आरती चालू होती.

ऋता बोलायला उभी राहिली. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, हातात कागद. चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, घाबरली असेल. पहिल्या रांगेत मनोहरराव फोनवर चित्रण करत होते.

"जी मुलं एकटी पडतात," तिने वाचायला सुरुवात केली, "ज्यांना झोप येत नाही, ज्यांना वाटतं की आईवडिलांना हवं तसं आपण कधीच होणार नाही, अशी मुलं आधी खूप चेष्टा करतात."

हॉलमध्ये हलकं हसू आलं. मीही हसले. व्याख्यान रंजक होणार असं फलकावर लिहिलेलंच होतं.

"रोज चेष्टा करतात," ऋता म्हणाली. तिने वर बघितलं, लोक का हसतात ते तिला कळेना. "सकाळी उठून चेष्टा करतात. हसतात, कॉलेजात जातात. घरी कुणाला काहीच कळत नाही."

आता लोक मोकळेपणी हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "चिनी भारी असतात!" मसालेभाताचा वास येत होता आणि सगळे खुशीत होते.

"मग एक दिवस चेष्टा करायची शक्ती उरत नाही."

एक गृहस्थ डोळे पुसत हसत होते. मनोहरराव वळून वळून लोकांकडे बघत होते. आपली मुलगी इतकी विनोदी बोलते हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पासबुकवाले आजोबा आले. माझं हसू तिथेच गोठलं.

तिला चेष्टेचा मराठी अर्थ माहीत नव्हता. कुठून असणार? त्या घरात कुणी कधी कुणाची चेष्टा केलीच नव्हती.

शोभाताईंनी समारोपाला विचारलं, "चिनी मुलांचं झालं गं. तुझं काय? तू कशी आहेस?" त्यांनी आपलं सहज विचारलं. पण मला वाटतं, त्या वर्षात ऋताला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

ऋताने कागद खाली ठेवला. "मी पण खूप चेष्टा करते, मावशी. आता होत नाही. मी क्लांत आहे." क्लांत या शब्दाला टाळ्या पडल्या. ती थांबली, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि मला बाबांवर खूप अभिमान आहे."

मनोहररावांनी फोन तसाच धरून दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. "बाबांचा," ते प्रेमाने म्हणाले. "बाबांवर नव्हे. बाबांचा अभिमान."

"बाबांचा," ऋता म्हणाली. मग टाळ्या थांबेनात. कुणीतरी मनोहररावांच्या पाठीवर थाप मारली. शोभाताईंनी मोदक स्पर्धेचा निकाल वाचायला घेतला.

मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे जाईपर्यंत मनोहरराव पानांच्या रांगेपाशी पोचले होते. हातात मसालेभाताचं ताट. मी त्यांचा दंड धरला. "मनोहरराव, ती चेष्टा बंगालीतली होती."

"म्हणजे?"

"चेष्टा म्हणजे प्रयत्न. मुलगी म्हणत होती, मी खूप प्रयत्न करते, आता होत नाही. दमले."

"छे! ती शुद्ध मराठी बोलते."

मला इतका संताप आला, की ताट त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटलं. "शुद्ध मराठीत बाबांचा अभिमान असतो. मग ती बाबांवर का म्हणाली?"

"तेच तर मी तिला सारखं सांगतो! नेहमी चुकते."

"ती चुकत नाहीये! बंगालीत अभिमान कुणावर तरी असतो. परक्यावर नाही, आपल्या माणसावर. आपलं माणूस दुखावतं, त्याला ते कळतही नाही, आणि आपल्याला सांगताही येत नाही, तेव्हा आत जे भरून येतं त्याला इथे अभिमान म्हणतात. ती सगळ्यांसमोर सांगत होती, बाबांनी मला फार दुखावलंय. आणि तुम्ही तिची विभक्ती सुधारलीत."

मनोहररावांनी ताट खाली ठेवलं, ठेवताना भात सांडला आणि तो तसाच राहिला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. सांडलेल्या भातावरून माणूस घसरतो. "कुठाय ती?" ते म्हणाले.

ती हॉलमध्ये नव्हती. शोभाताई म्हणाल्या, "आत्ताच गेली. अगं, दारात मला म्हणाली, 'मावशी, मी जाते.' मी म्हटलं, जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. तर नुसती हसली आणि पुन्हा तेच म्हणाली. जाते."

चेष्टा वेगळी, अभिमान वेगळा, काकूसुद्धा वेगळी. पण निघताना जाते म्हणायचं नाही, हे मराठीत आणि बंगालीत अगदी एक आहे. बंगाली माणूस भाजी आणायला निघाला तरी आशी म्हणतो, म्हणजे येतो. ऋता दोन्ही भाषांत वाढलेली मुलगी. हा शब्द तिच्या तोंडून चुकून येणं शक्यच नव्हतं. मनोहररावांनाही ते कळलं. ते धावत सुटले. 'धावू नये' असं लिहिलेल्या, त्यांनीच सकाळी चिकटवलेल्या कागदासमोरून धावले.

मी मागे. मला देवाचं नाव आठवेना, एवढंच म्हणत होते, सापडू दे, सापडू दे.

ती जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसली होती. अनवाणी. आमची चाहूल लागली तशी वळून म्हणाली, "बाबा, माझी चप्पल मिळत नाहीये." आणि रडायला लागली. एवढं सगळं आवरून, निरोप घेऊन पोर निघाली होती, आणि रिकाम्या जिन्यात चप्पल शोधत बसली होती. चपला मनोहररावांनी गच्चीत नेल्या होत्या. सुरक्षेसाठी त्यांनी आयुष्यभर जे जे केलं, त्यातलं हे सर्वांत खुळचट, आणि त्यासाठी मी त्यांना हजार वेळा हात जोडीन.

ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. धाप लागली होती. मी वरच्या पायऱ्यांवर थांबले. जवळ जायचं धाडस झालं नाही आणि निघून जाणंही जमलं नाही.

काय बोलावं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग ते कारखान्यात ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात, अगदी सावकाश, म्हणाले, "ऋता, मी एक विचारतो. जे असेल ते सांग. मी ओरडणार नाही. तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

"येतो."

"आज?"

"आज पण." तिने नाक पुसलं. "बऱ्याच दिवसांपासून, बाबा. मी किती वेळा सांगितलं. तुम्ही पाटीवर शब्द लिहून ठेवलात. तुम्ही चीनला पत्र लिहिलंत. तिथल्या मुलांशी कुणी बोला, त्यांना चहा द्या म्हणून लिहिलंत. मी शेजारच्या खोलीत होते."

मनोहररावांनी कुठलाही खुलासा केला नाही. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचा खुलासा असायचा. ते फक्त मान हलवत राहिले आणि रडत राहिले, मिशा ओल्या झाल्या. मग त्यांनी वर बघून मला विचारलं, "मॅडम, चहा मिळेल का हो?"

मी धावत चहा आणायला गेले. परत येताना बघितलं, तर श्यामलावहिनी चपलांचं एक पोतं जिन्यावरून धाड धाड ओढत खाली आणत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी पोतं ठेवलं, मुलीच्या पलीकडे बसल्या आणि तिला कुशीत घेतलं. "मी सांगत होते जेवत नाही म्हणून," असं नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली सर्वांत कठोर गोष्ट तीच.

ऋता चहा प्यायली. मनोहरराव म्हणाले, "आपण डॉक्टरकडे जाऊ. उद्याच. तोवर तुला एकटीला सोडणार नाही, कंटाळलीस तरी नाही. आणि माझं..." त्यांना शब्द सापडेना. कपाळाला आठ्या घालून ते शोधत राहिले, आणि मग अवघडून म्हणाले, "मी चेष्टा करीन, ऋता. मला जमत नाही गं, पण खूप चेष्टा करीन."

ऋताने त्यांच्याकडे बघितलं. बंगाली शब्द, मराठी प्रत्यय, रडका चेहरा. तिला रडता रडता हसू फुटलं. "बाबा, शून्य झालं," ती म्हणाली.

"होऊ दे," ते म्हणाले.

वरून लोक खाली यायला लागले होते. पोटभर जेवलेली, अनवाणी मंडळी जिन्यात उभी राहून चपला, चपला म्हणून ओरडत होती, आणि खाली तिघं पोत्याला टेकून बसली होती. मी सगळ्यांना हाकलून परत वर पाठवलं. म्हटलं, मोदक शिल्लक आहेत.

दुसऱ्या दिवशी ते तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. मनोहररावांनी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, की मी सरळ विचारलं, त्याने तो विचार तिच्या डोक्यात आणखी घट्ट तर झाला नाही ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट आपण एकटे नाही हे कळतं. ते वाक्य मनोहरराव त्या प्राध्यापकांनाही ऐकवून आले म्हणे. उपचार चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही दिवस ऋता पलंगावरून उठत नाही, आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी तिच्याजवळ बसून असतं. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. प्रबंध अर्धाच आहे. ते चिनी उत्तर अजून भिंतीवर आहे. त्यात काय लिहिलंय ते ऋताने बाबांना सांगून टाकलं, आणि आता आल्यागेल्याला ते स्वतःच वाचून दाखवतात.

पाटी मात्र काढली. मनोहरराव सध्या बंगाली शिकताहेत. उच्चार भयानक आहेत. काल त्यांनी मासेवाल्याला असं काही म्हटलं, की तो मासे टाकून हसत बसला.

सकाळी मी बँकेत जायला निघते त्याच वेळेला ऋताही कॉलेजला निघते, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं ऐकू येतं. मनोहररावांची फेरीची वेळ होऊन गेलेली असते. ते हेल्मेट घालून, लाइफ जॅकेटची बॅग खांद्याला लावून दारात उभे असतात आणि हलत नाहीत. ऋता चपला घालते, जिना उतरायला लागते. मध्येच थांबते. कधी कंटाळून, कधी हसून, कधी अगदी बारीक आवाजात म्हणते, "येते, बाबा."

मग ते बाहेर पडतात.